शेऱ्याचा रकाना

आमच्या राधाकृष्णाला एक वाईट खोड आहे. फुकट म्हटलं की त्याचा हात पुढे. मग ते कारखान्याचं कॅलेंडर असो की खताच्या दुकानातली टोपी. देणारा का देतोय, हे बघायचं नाही. लेक माझा आहे म्हणून बोलते. दुसरं कुणी बोललं तर त्याला ओसरीवरून खाली उतरवीन.

मी सोयरिकी जुळवते. काष्टीचा बाजार भरला की गडी जनावरांकडे जातात आणि बाया माझ्याकडे. शिक्षण, देवक, मामाचं गाव हे ओसरीवर चारचौघींत बोलायचं. पण प्रत्येक घरात एखादी गोष्ट असते, ती चुलीजवळ बसून, आवाज खाली करून सांगतात. ती मी पोटात ठेवते. मुलगी बघून झाली, मन बसलं, सुपारी फुटायची वेळ आली, की मुलाच्या आईला एकटीला आत बोलावते आणि मग सांगते. आधी कळलं तर तिला मुलगी दिसतच नाही, नुसती खोट दिसते.

गेल्या साली राधाकृष्णाने घरात कॉम्प्युटर आणला. नगरच्या कुणा माणसाने त्यात सोयरिकीचा प्रोग्राम फुकट घालून दिला. मुलामुलींची नावं, फोटो, सगळं रंगीत. दिवसभर त्याच्यापुढे बसून राहायचा. मी म्हटलं, बसू दे, पारावर बसण्यापेक्षा बरं.

मग आमच्याच आळीतल्या मुक्ताबाईच्या दीपाचं जुळत आलं. भिंगारची लंकाबाई, तिचा थोरला लष्कराच्या वर्कशॉपात कामाला. पोरगा चांगला, घर चांगलं. सोमवारी मुलगी बघायला येणार होते. त्याच्या आधीच लंकाबाई एकटीच एस. टी.ने आली. पाणी घेतलं, चहा नको म्हणाली. तिथंच मी समजले.

"छबूबाई, त्या मुलीला फिट येतात म्हनं."

"कोन म्हनलं?"

"आमच्या भिंगारात एक सोयरिकीवाला हाय. त्याच्या कॉम्प्युटरवर दिसलं. काष्टीची दीपा, बारावी पास, फोटोसकट. खाली लिवलंय, फिट येतात."

"येतात न्हाई, येत हुत्या. लहान असताना. डॉक्टरानं गोळ्यासुद्धा कवाच बंद केल्या."

"असंल. पन तुमच्या तोंडून आलं असतं तर मी घरात समजावलं असतं. आता सासू, जाऊ, समद्यांनी वाचलंय. मी कुनाकुनाचं तोंड धरू?"

तिचंही खोटं नव्हतं. मी तिला थांब म्हटलंच नाही.

जाताना ती मुक्ताबाईच्या दारात नकार आणि त्याचं कारण दोन्ही सांगून गेली. दिवस मावळता मुक्ताबाई आली. रडली नाही, भांडली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "मावशी, मी तुमाला सांगितलं हुतं. मशिनीला न्हाई." आणि गेली. एवढी वर्षं मी सोयरिकी केल्या, पण असं परत गेलेलं माणूस पाहिलं नव्हतं. तशीच भिंतीला टेकून बसले आणि राधाकृष्णाला हाक मारली.

"दीपाचं त्यात कुनी घातलं?"

"मी," तो म्हणाला. "शेऱ्याचा रकाना रिकामा ठिवला की पुढचं पानच येईना. तुमचं चुलीपाशी चाललेलं ऐकलं हुतं, तेच घातलं."

"आन ते भिंगारला कसं गेलं? पायी?"

सूनबाई मोनिका दारातून म्हणाली, "आत्याबाई, दर महिन्याला फ्लॉपी भरून नगरला पाठवावी लागते. न्हाई पाठवली तर प्रोग्राम उघडत न्हाई. तो मानूस तेच समद्या सोयरिकीवाल्यांना वाटतो."

"म्हंजे फुकट न्हवतं," मी म्हटलं.

मोनिका श्रीगोंद्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. तिच्या सरांकडे दुसरा प्रोग्राम होता. तोही फुकट, पण कुणाला काही पाठवायचं नाही. नको तो रकाना काढून टाकता येतो आणि प्रोग्राम आतून कसा चालतो ते लिहिलेलं उघडं असतं, कुणालाही वाचता येतं.

"त्यात रंग न्हाई, फोटो न्हाई," राधाकृष्ण पुटपुटला. "आन आतलं वाचून आईला काय कळनार?"

"मलाबी समदं कळत न्हाई," मोनिका म्हणाली. "पन सरांना कळतं. सरांवर भरवसा न्हाई तर दुसऱ्या कुनाला दाखवता येतं."

मला गिरणी आठवली. आपलं दळण पडताना आपण डब्याशी उभं राहतो. गिरणीच्या पोटात काय फिरतं, ते कुठल्या बाईला कळतं? पण दार उघडं असतं, चार बाया बघत असतात, म्हणून गिरणीवाला आपल्या गव्हात दुसऱ्याची बाजरी मिसळत नाही. ज्या गिरणीचं दार लावून दळतात, तिथं मी फुकटसुद्धा दळण टाकणार नाही.

उठायचा कंटाळा आला होता. तरी उठले, डोईवर पदर घेतला आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

"राधाकृष्णा, ऐक. नगरला गेलं ते आता माघारी येत न्हाई, ते तुलाबी आनता यायचं न्हाई आन मलाबी. पन इथून पुढं या घरात मोनिका म्हनती तेच यंत्र चालंल. त्यात नाव, गाव, शिक्षन, बास. शेरा माझ्या पोटात राहील आन माझ्यासंगं जळंल. आता पायात चपला घाल. आधी मुक्ताबाईच्या दारात जायचं, आन हे आईनं न्हाई, मी केलं, म्हनून तिला तोंडानं सांगायचं. उद्या पहिल्या एस. टी.नं भिंगारला जायचं आन लंकाबाईच्या घरच्या समद्यांसमोर सांगायचं, की मी अर्धंच लिवलं हुतं. पोरगी बरी झाली, ते लिवायला तुझ्या रकान्यात जागा न्हवती व्हय?"