सरहद्दीपाशी संपणारा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे कापडावर चिकटवलेला, काळ्या शाईने हाताने काढलेला. लांबीला दोन मीटर. डॅन्यूब नदीच्या काठी आमचं शहर आहे, त्याच्या नियोजन कचेरीत माझा जन्म झाला. रस्ता कुठून जाईल, घरं कुठे होतील, शेत कुठे राहील, हे आधी माझ्यावर ठरायचं आणि मग जमिनीवर व्हायचं. त्यामुळे तरुणपणी मला बराच तोरा होता, हे कबूल करतो.

मला काढलं ब्लाझेय नावाच्या नकाशाकाराने. तेव्हा तो तिशीतला होता. अकरा महिने तो माझ्यावर वाकून बसला. चूक झाली की ब्लेडने शाई खरवडायचा आणि ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायचा. मला ते मुळीच आवडायचं नाही. पण हात हलका होता त्याचा, खोटं कशाला बोलू?

शहराची शेवटची इमारत, पुढे भाजीचे मळे, पुढे काटेरी तार, आणि तारेपलीकडे ऑस्ट्रिया. त्या काळात सरहद्द बंद होती आणि तारेपलीकडचं काहीही काढायला सक्त बंदी होती. ना गाव, ना झाड, ना ओढा. ब्लाझेयने सरहद्दीची रेघ ओढली आणि पुढचा भाग कोरा सोडला. माझा डावीकडचा जवळजवळ एक तृतीयांश कागद असा रिकामाच राहिला.

पुढे तार निघाली, पहारे उठले, लोक सायकलवरून पलीकडे जाऊ लागले. माझ्यावर नवे पूल आले, नव्या वस्त्या आल्या. कोरा भाग मात्र कोराच. आता कुणाची बंदी नव्हती, पण सवय जाते होय? "आपलं काम आपल्या हद्दीपुरतं," असं सगळे म्हणायचे आणि कॉफी प्यायचे.

कॉम्प्युटर आले तेव्हा वाटलं, संपलं आपलं. पण कचेरीच्या प्रमुख द्राहोमीराबाई मोठ्या खमक्या. त्या म्हणाल्या, "स्क्रीनभोवती दोन माणसं मावतात, याच्याभोवती बारा. हा टेबलावरच राहील." म्हणून मी राहिलो.

याच सुमारास ब्लाझेयच्या मुलीचं, बिबियानाचं लग्न झालं. शहरात घर घेणं परवडेना, म्हणून तिने सरहद्दीपलीकडे क्राइटेनडॉर्फ गावात घर घेतलं. ब्लाझेय दर रविवारी तिथे जेवायला जायचा. भाजलेला हंस, बटाट्याच्या पातळ पोळ्या, खसखशीची गुंडाळी. सोमवारी कचेरीतले लोक त्याची टिंगल करायचे. "काय हो ब्लाझेय, मुलगी परदेशात, आणि बाप सायकलवर जाऊन जेवून येतो!" तो नुसता हसायचा.

मग शहराला मालमोटारींचा तळ हवा झाला. दिवसाला चारशे ट्रक येणार, धूर आणि धडधड पहाटेपासून. कुणाच्याच घराजवळ तो नको होता. महिनाभर सगळे माझ्यावर बोटं फिरवत होते. शेवटी द्राहोमीराबाईंचं बोट माझ्या डाव्या बाजूला, सरहद्दीच्या रेघेला टेकलं.

"इथे," त्या म्हणाल्या. "इथे कुणालाच त्रास नाही."

ब्लाझेयने पेन्सिल टोकदार केली आणि तळ काढला. फाटक अगदी रेघेला लागून. सुबक काम केलं त्याने, नेहमीसारखं. मित्रांनो, त्याला हसू नका. रविवारचं गाव त्याच्या पोटात होतं, सोमवारचा नकाशा त्याच्या हातात होता. दोन्हींची गाठ कधी पडलीच नव्हती. मी तर कागद. माझ्यावर जे काढलेलं नाही ते मला कुठून कळणार?

गुरुवारी नगरसभेत मतदान होतं. एकदा मंजुरी मिळाली की लगेच खणायला सुरुवात होणार होती.

त्याआधीच्या सोमवारी पाहुणे आले. सहा महानगरांनी आपसात एक करार केला होता. प्रत्येकाच्या आजूबाजूला गावांचा पसारा, प्रत्येकाची दुखणी सारखीच. म्हणून वर्षातून एकदा एका शहरात जमायचं आणि त्या शहराचा नकाशा बाकीच्यांनी तपासायचा. नियम एकच आणि कडक: पहिल्या तासात यजमानांनी तोंड उघडायचं नाही. कारण आपल्या नकाशाचं कौतुक सांगायला बसलं की कुणीच थांबत नाही. जो बोलेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे.

थेस्सालोनिकीहून आलेल्या एव्हांथियाबाईंनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग सरळ कोऱ्या भागावर पंजा ठेवला.

"इथे काय आहे?"

"ऑस्ट्रिया," तुरिनचे एर्मान्नो म्हणाले.

"तेवढं कळतं हो मला. इथे राहतं कोण?"

द्राहोमीराबाई ओठ आवळून बसल्या होत्या.

"चारशे ट्रक आणताय आणि शेजारी कोण राहतं ते कागदावर नाही?" एव्हांथियाबाई म्हणाल्या. "कमाल आहे!"

मागे भिंतीला टेकून ब्लाझेय उभा होता.

"माझी मुलगी," तो म्हणाला.

"काय?"

"तिथे माझी मुलगी राहते. दोन नाती आहेत माझ्या. आणि ट्रकांचं फाटक त्यांच्या अंगणापासून..." तो पट्टी घेऊन पुढे आला. पण मोजणार कुठून कुठे? पलीकडे टोकच नव्हतं.

कपांची आठवण कुणालाही झाली नाही.

"अहो ब्लाझेय, दर रविवारी जाता ना तुम्ही तिथे?" द्राहोमीराबाईंनी नियम मोडलाच.

"जातो. आणि मागच्या महिन्यात तिच्या हातचा जर्दाळूचा मुरांबा तुम्हीही नेलात बाई!"



"पलीकडच्यांना बोलवा," एव्हांथियाबाई म्हणाल्या. "आजच. पाहुणचार नंतर करा आमचा."

जेवणानंतर पलीकडच्या कचेरीतल्या गेर्लिंडेबाई आपला नकाशा काखेत मारून आल्या. तो माझ्याशेजारी पसरला. आणि काय सांगू, त्याच्यावर आमची बाजू कोरी! त्यांनीही सरहद्दीला चिकटून खडीची खाण आखली होती. तिच्यापलीकडे आमच्या भाजीच्या मळ्यांतली माणसं आणि आठ मजली इमारती. गेर्लिंडेबाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. खरं सांगतो, मूर्ख आपण एकटेच नाही हे पाहून मला जरा बरं वाटलं.

मंगळवारी दुपारी आम्हा दोन्ही नकाशांना क्राइटेनडॉर्फच्या अग्निशमन दलाच्या दालनात नेलं. शेजारी शेजारी लांब बाकांवर ठेवलं. गाव लोटलं. गर्दीतून बिबियाना पुढे आली.

"बाबा, हा ट्रकांचा तळ कुणी काढला?"

कचेरीने, असं म्हणता आलं असतं त्याला. बाईंनी सांगितलं, असंही म्हणता आलं असतं.

"मी," ब्लाझेय म्हणाला.

"दर रविवारी माझ्याकडे जेवून?"

"हो गं."

तिने पेन्सिल त्याच्या हातात दिली. "माझं घर काढ."

तो वाकला. या हाताने मला काढलं होतं. आज तो हात अधांतरी थांबला. तिच्या घराची कुठली पायरी डुगडुगते, चूल कुठल्या भिंतीला आहे, सगळं त्याला ठाऊक. पण ते घर माझ्यावर नेमकं कुठे येतं, हे त्याला सांगता येईना.

"चुकेल माझं," तो म्हणाला. "तूच दाखव पोरी."

बिबियानाने बोट टेकवलं. त्याने तिथे एक छोटा चौकोन काढला, ट्रकांच्या फाटकापासून तिथवर पट्टी लावली आणि मोठ्याने वाचलं. "छत्तीस मिलिमीटर. म्हणजे जमिनीवर एकशे ऐंशी मीटर." ब्लाझेय रडला, मित्रांनो. सगळ्यांसमोर रडला. शाई फुटेल म्हणून माझ्यावर पडलेला थेंब त्याने घाईघाईने बाहीने टिपला. मलाही फार वाईट वाटलं.

मग एकेक जण पुढे येऊ लागला. शाळा, विहीर, चेरीची बाग, बसथांबा, कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं. "अहो, माझं तळघरही काढा!" एका म्हातारबुवांनी हट्टच धरला. संध्याकाळपर्यंत कोऱ्या भागात बोटभर जागा उरली नाही.

गुरुवारी नगरसभेत दोन तास भांडण झालं. आयत्या वेळी ठराव मागे घेतला म्हणून द्राहोमीराबाईंना नको नको ते ऐकावं लागलं. तीन मतांनी तळ रेल्वेच्या यार्डाशेजारी गेला. वाट लांबली, ट्रकवाले अजून कुरकुरतात. खाणही सरकली, पण अर्धीच. गेर्लिंडेबाई अजून भांडताहेत. पण आता पलीकडच्या माणसाने पाहिल्याशिवाय कुठल्याच बाजूचा नकाशा मंजूर होत नाही. त्या रविवारी बिबियानाने बापाला जेवायला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी बोलावलं.

ब्लाझेय आता निवृत्त झाला आहे. मी एका पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळलेला पडून असतो. एका कोपऱ्याला कसर लागली आहे, जमलं तर तेवढी झटका. पण मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी आखाल. शाळेचं मैदान आखाल, नाहीतर मोठेपणी एखादं शहर. तेव्हा पेन्सिल टेकवण्याआधी आपल्या कागदाच्या काठावर जा आणि पलीकडे हाक मारून विचारा, इथे कोण राहतं? उत्तर ऐका आणि मगच रेघ ओढा. ब्लाझेयची मुलगी होती म्हणून तो बोलला. प्रत्येक कोऱ्या जागेत आपली मुलगी नसते.