गावपळणीतली हजेरी

दाजी वेळणेकर बंदरावर बोटीच्या कचेरीत तिकिटं फाडायचा. बोट बंद झाली, तसा दाजीही बंद झाला. वय चाळीस, अंगात खाकी कोट, गळ्यात शिटी, आणि शिटी मारून थांबवावं असं समोर काहीच नाही. त्याचा मेहुणा जयराम खारेपाटणात किराणा दुकान घेऊन टपून बसला होता. "भावोजीनू, दुकानात येवा. गूळ तोलूक माणूस होयोच आसा," असं तो दर सणाला सांगायचा, आणि अशा गोड आवाजात सांगायचा की दाजीला आपले हात आत्ताच चिकट झाल्यासारखे वाटायचे.

तेवढ्यात सरकारची योजना आली. नोकरी गेलेल्या माणसाने नवा धंदा शिकायचा, आणि शिकत असेपर्यंत सरकारने त्याला भत्ता द्यायचा. दाजीने अर्जात 'मोटार दुरुस्ती' लिहिलं. साहेबाने विचारलं, "घरी मोटार आहे?"

"नाय."

"कोंबडी?"

"आसा एक."

"मग कोंबडीपालन," म्हणून साहेबाने शिक्का मारला.

सहा महिने शिकायचं, शेवटी पेटीत अंडी उबवून पिल्लं दाखवायची, की सर्टिफिकेट. सर्टिफिकेट असलं तर जिल्ह्याच्या कोंबडी केंद्रात मदतनिसाची जागा. नसलं तर गूळ. अट एकच होती. तपासणीचा साहेब कधीही येईल, तेव्हा माणूस नोंदवलेल्या पत्त्यावर सापडला पाहिजे. नाही सापडला तर भत्ता बंद आणि नाव रद्द. दाजीचा पत्ता होता घर नंबर सत्तेचाळीस, वेळणे.

पाच महिने बरे गेले. मग पेटी आली. खाली रॉकेलचा दिवा, वर चाळीस अंडी, एकवीस दिवस. दाजी रात्रंदिवस पेटीला कान लावून बसू लागला. बायको, सावित्री, म्हणायची, "माज्या तिन्ही बाळंतपणात मेलो एकदा डोकावक नाय. आता बघा, अंड्यांका मालिश तेवडी करूची रवली."

आणि अठराव्या दिवशी देवाने कौल दिला, की उद्यापासून गावपळण.

वेळण्याच्या देवाला तीन-चार वर्षांनी एकदा गाव रिकामा लागतो. तीन दिवस माणूस, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी शिवेबाहेर निघायचं. गावात चूल पेटता कामा नये, दिवा लागता कामा नये. वहाळाच्या मधोमध गावाची शीव, म्हणून सगळा गाव ओढा ओलांडून पलीकडे झावळांच्या खोपी घालून राहतो.

दाजी पहिल्या एस.टी.ने तालुक्याला धावला.

"साहेब, तीन दिवस रजा पाहिजे."

"कारण?" कारकुनाने विचारलं.

"गाव पळतोय."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "गाव? कुठे पळतोय?"

"वहाळापलीकडे. दर तीन-चार वर्षांनी पळतो."

"मग अर्ज गावाने करायचा. तुमचा काय संबंध?"

"मी पण पळतोय ना, गावाबरोबर."

"फरारी माणसाला रजा मिळत नाही," कारकून म्हणाला, आणि चहा प्यायला उठला.

दाजी घरी आला तो डोकं पार बधिर होऊन. गावात राहावं तर दिवा लावायचा नाही, म्हणजे अंडी थंड. वर देव कोपणार ते वेगळंच. गावाबाहेर जावं तर पत्त्यावर गैरहजर. शेवटी त्याने पेटी डोक्यावर घेतली. दारावरची सत्तेचाळीस नंबरची पत्र्याची पाटी उपटली. वहाळापलीकडे खोपीवर ती खिळ्याने ठोकली आणि म्हणाला, "आता ह्याच घर."

"व्हय," सावित्री म्हणाली. "उद्या माज्या कपाळार ठोका, म्हणजे मी खंय गेलंय तरी तुमी घरातच."

गावपळणीच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे अंड्यांच्या एकविसाव्या दिवशी, शेजारचा बाबली ओरडला, "गावात माणूस दिसता!"

सगळा गाव वहाळाच्या काठावर जमला. पलीकडे रिकाम्या घरांमधून एक पांढरा शर्ट फिरत होता. एका अंगणात जाई, दारावर बघे, मान हलवून परत फिरे. गावचे मानकरी अप्पा हात जोडून म्हणाले, "देव तर नाय रे?"

"देव कित्याक ब्याग घेवन फिरतलो?" बाबली म्हणाला.

दाजीने डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. वाघचौरे साहेब! घाटावरून नवीन आलेले तपासणी साहेब तिठ्यावर एस.टी.तून उतरून पलीकडच्या बाजूने थेट गावात शिरले होते, आणि शेहेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस कसं येतं ते शोधत होते.

"तेका भायर काढा!" अप्पा कडाडले. "गावात माणूस रवलो तर गावपळण फुकट!"

"काढूक आत कोण जातलो?" बाबलीने विचारलं. "जो जातलो तोव गावात माणूसच झालो मां?"

दाजीने गळ्यातली शिटी जीव खाऊन फुंकली. साहेब दचकले आणि धावत वहाळाच्या त्या काठावर आले. दाजीने पाटी उपटून दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

"सायबानू! सत्तेचाळीस हयसर आसा!"

"घर हलवता येत नाही!" साहेब ओरडले. "तुम्ही इकडे या!"

"आमका बंदी आसा!"

"कुणाची?"

"देवाची!"

"लेखी आहे?"

अप्पांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि तोंडाशी हात धरून निदान तोंडी परीक्षा तरी सुरू केली. "अंडी दिवसातून किती वेळा फिरवायची?"

दाजीने तोंड उघडायच्या आत सगळा काठ ओरडला. अर्धा गाव म्हणाला तीन, अर्धा म्हणाला चार. मग तीनवाले आणि चारवाले एकमेकांवर धावले. दाजीला स्वतःचं उत्तरच आठवेना.

"हजेरीचं काय ते बोला!" साहेब वैतागून ओरडले. "गावात पाय ठेवून सही करा, नाहीतर नाव काढतो!"

दाजीने सावित्रीकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं. त्याला जयरामच्या दुकानातल्या माश्या दिसू लागल्या. मग तो लेंगा वर खोचून पाण्यात उतरला. मधोमध, शिवेच्या एक वीत अलीकडे, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मी गावाभायर. तुमी गावात. मधी रजिस्टर धरा."

साहेबांना दुसरं काही सुचेना. सकाळपासून चहा नव्हता. पँट दुमडून तेही पाण्यात उतरले. रजिस्टर उघडलं, आणि लक्षात आलं की शाईचं पेन पलीकडे बॅगेत राहिलंय. "नियम शाईचा आहे," ते कुरकुरले. दाजीने कोटाच्या खिशातलं बॉलपेन काढलं. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे त्याने पूर्ण नाव, पत्ता, तारीख आणि 'हजर' असं सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं.

लिहीपर्यंत खाडीच्या भरतीचं पाणी वहाळात वर चढलं होतं. साहेबांच्या पायाखालचा दगड सरकला. साहेब बसले ते थेट पाण्यात, आणि रजिस्टर लाटेबरोबर गावाच्या दिशेने निघालं.

"पकडा!" साहेब ओरडले.

तीनशे माणसं काठावर जागच्या जागी उभी. "देवाच्या हद्दीत गेला," अप्पा शांतपणे म्हणाले. "आता तुमीच जावा."

साहेबांनी धडपडत रजिस्टर गाठलं, आणि या खेपेला कोणी न सांगता गावाबाहेरच्या काठावर आले. सावित्रीने त्यांना कोरडं धोतर दिलं, पेज दिली. रजिस्टर पेटीच्या दिव्यापाशी वाळत घातलं. पान उलटत जावं तसा साहेबांचा चेहरा उतरत गेला. तालुक्याची सगळी नावं, सगळे पत्ते, सगळ्या सह्या विरघळून पानापानावर निळं आभाळ झालं होतं. एकाच पानावर, आभाळाच्या मधोमध, एक ओळ ठणठणीत उभी होती. दाजी वेळणेकर, घर नंबर सत्तेचाळीस, हजर.

साहेबांनी त्या ओळीवर बोट टेकवलं. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "तालुक्यात एकच प्रशिक्षणार्थी."

"तसा नाय, सायबानू, आमी बत्तीस जण..." दाजी सांगू लागला. सावित्रीने त्याच्या पायावर पाय दिला.

"एकच," साहेब म्हणाले. "आणि तो हजर. हजेरी शंभर टक्के."

पेटीत टकटक झाली. एक अंडं तडकलं, मग दुसरं. ओली, चिडलेली पिल्लं बाहेर येऊन साहेबांच्या धोतरावर चढली. अप्पांनी देवाला हात जोडले. साहेबांनी दाजीचंच बॉलपेन मागून घेतलं आणि कोऱ्या कागदावर शिफारस लिहायला घेतली. नाव, धंदा, उत्तीर्ण. 'प्रशिक्षणाचे स्थळ' इथे मात्र हात अडला. त्यांनी खोप बघितली, वहाळ बघितला, पलीकडचा रिकामा गाव बघितला.

"दाजी, हे नक्की कुठलं गाव म्हणायचं?"

दाजीने खूप विचार केला. "माका पण आज तसा सांगूक येवचा नाय, सायबानू."

साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं, 'प्रवासात.'