आवाज बंद करून पाहिलेला सिनेमा

थोरल्यावर साधं एक प्लास्टिक का टाकलं नाहीत?

मी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, सभागृहातला धाकटा स्पीकर बोलतोय. हा प्रश्न मी गावातल्या एकेकाला विचारला. पण माणसं स्पीकरमधून बोलतात, स्पीकरचं कोण ऐकतो?

मिझोरामातल्या ऐजॉलच्या एका सुताराने आम्हा दोघांना एकाच फळीतून कापलं. माझ्या भावाला आधी ठोकलं, म्हणून तो थोरला. आमच्या डोंगरावर आलो तेव्हा तो व्यासपीठाच्या उजवीकडे बसला, मी डावीकडे. पाळकांचा खोकला, बायकांची गाणी, हरवलेल्या डुकराची दवंडी, सगळं आम्ही दोघांनी निम्मंनिम्मं वाटून घेतलं. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. जे माझ्यातून बोललं गेलं, तेवढंच माझं शिक्षण.

गेल्या पावसाळ्यात डोंगराची कड सुटली आणि शेतावरून परतणारा गावातला पेका तिच्याखाली गेला. पोरांनी फावडी उचलली. कोणीतरी म्हणालं, "स्पीकर न्या, हाका मारा! जिवंत असला तर ओ देईल." थोरल्याला पाठीवर बांधून नेलं. भर पावसात, चिखलाच्या ढिगाऱ्यापुढे तो "पेका! पेका!" ओरडत राहिला. फावडं मारणाऱ्यांच्या अंगावर रेनकोट होते. जनरेटरवर ताडपत्री होती. थोरला उघडा. आधी त्याची हाक घोगरी झाली, मग नुसती फुरफुर, मग तीही नाही. पेका सापडला, पण गेलेला. त्याच्यासाठी अख्खं गाव गायलं. माझ्या भावाला सभागृहामागच्या उकिरड्यावर टाकलं.

राग येणार नाही तर काय येईल?

पेकाला एक धाकटी बहीण आहे, रेमी. संडे स्कूलमध्ये अगदी माझ्यासमोर बसायची. भाऊ गेल्यापासून ती रोज जेवताना त्याच्या जागी भाताचं ताट मांडू लागली. त्याचं ताट संपल्याशिवाय आपल्या ताटाला हात लावायची नाही. मग आई रडून, ओरडून दोन घास तिच्या तोंडात कोंबायची. पोर वाळून काटकी झाली. गावातल्या वडीलधाऱ्यांना मात्र तिच्या पोटाची नाही, त्या ताटाची धास्ती. ख्रिस्ती होण्याआधी आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी घास काढून ठेवत. पणजोबांनी सोडलेली ती रीत पोरीच्या हातून परत घरात शिरतेय, असं त्यांना वाटलं.

रोपुई ही संडे स्कूलची मास्तरीण. तिने कुठूनतरी मुलांचा एक कार्टून सिनेमा मिळवला, आमच्या भाषेतले आवाज दिलेला. त्यात दोन पाणमांजरं असतात, भाऊ-भाऊ. थोरला पुरात वाहून जातो. धाकटा रोज त्याच्यासाठी दगडावर एक मासा ठेवतो. धुक्यात त्याला भावाची आकृती दिसते, तिच्याशी तो बोलतो, आणि शेवटी तो मासा स्वतःच खातो. रोपुईने तो आधी एकटीने फोनवर, आवाज माझ्यातून काढून पाहिला, त्यामुळे त्यातला शब्द न् शब्द मला पाठ झाला. शेवटाला ती ढसाढसा रडली. मीही थोडा खरखरलो.

"रेमीला हे दाखवायलाच हवं," ती डोळे पुसत म्हणाली.

पण मुलांना दाखवायचा सिनेमा आधी उपांनी, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांनी, पाहायचा आणि ख्रिस्ती घरांना चालेल की नाही ते ठरवायचं, असा नियम. ठरल्या दिवशी नेमकी वरच्या आळीतली एक आजी वारली. दफन होईपर्यंत गावात मोठा आवाज करायचा नसतो. प्रोजेक्टर शेजारच्या गावाकडून मागून आणलेला, तो दुपारी परत द्यायचा होता. उपा बियाकथांगा आले. मागोमाग उपा झाथुआमा, गालात पान.

"आवाज बंद करून लाव," बियाकथांगा म्हणाले.

"आवाजाशिवाय कसा कळायचा, उपा? पुढच्या आठवड्यात पुन्हा प्रोजेक्टर मागू."

"पुन्हा कोण देतोय? मला डोळे आहेत, पोरी."

"कानही आहेत ना?"

"हिच्या या जिभेपायीच लग्न जमत नाही," झाथुआमा हसले.

"तुमच्याकडे बघून इच्छाच होत नाही, उपा."

बियाकथांगांनी स्वतःच्या हाताने माझ्या पाठीवरचं बटण शून्यावर नेलं. पडद्यावर पाणमांजर तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"हे धुक्यात कोण?"

"त्याचा भाऊ. म्हणजे खरा नाही, उपा, ते त्याला सांगतंय की..."

"सांगतंय! म्हणजे मेलेल्याशी बोलतंय. शास्त्रात साफ मना आहे. आणि तो मासा? मेलेल्याला घास! तेच ते!"

"अंगात कपडेही नाहीत," झाथुआमा म्हणाले.

"तुमच्या डुकराला शिवलेत का?"

मी शेजारीच होतो हो! सगळं उत्तर माझ्या पोटात होतं. एक बटण फिरवायचा अवकाश. दर रविवारी माझ्याच तोंडून 'कान उघडे ठेवा' म्हणून गावाला बजावणारी हीच माणसं, आणि निवाडा द्यायची वेळ आली तेव्हा माझंच तोंड दाबलं. असा न्याय डुकरांच्या बाजारातही होत नाही. तिथे निदान डुक्कर ओरडतं तरी.

"ख्रिस्ती मुलांना अयोग्य," बियाकथांगा म्हणाले आणि उठले. प्रोजेक्टर गेला.

आज मीही त्या उकिरड्यावर पडलोय. माझ्यावर कोंबड्या बसतात. कोणाची दया नको. पुढच्या वेळी निवाडा द्याल तेव्हा आधी ऐका, एवढंच माझं सांगणं. इथे कसा आलो, तेही ऐकाच.

आजीचं दफन झालं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी दोन्ही उपा पेकाच्या घरी प्रार्थनेला गेले. ते ताट कायमचं उचलायला लावायचं, असं ठरवूनच. रोपुईने मला पाटीत घातलं, पाटीचा पट्टा कपाळाला लावला आणि चढण चढून तिथे नेलं.

"प्रार्थनेला हा कशाला?" बियाकथांगा म्हणाले. "सिनेमा नाकारलाय."

"पाहायचा नाही म्हणालात. पाहू नका. ऐका."

"रोपुई!"

"लावू दे तिला, उपा," पेकाची आई चुलीपासून म्हणाली. "घर माझं आहे. पोर माझी मरतेय."

रोपुईने फोनची तार मला जोडली. दोघांचं काम एकट्यावर पडल्यापासून माझा आतला कागदी पडदा विरत आला होता. पाण्याचा आवाज निघाला. मग धाकट्या पाणमांजराचा, धुक्याकडे पाहून बोलणारा: "तू माझा भाऊ नाहीस. तू माझी आठवण आहेस. भाऊ देवाघरी आहे, त्याला तिथे भूक लागत नाही."

बियाकथांगांनी मान वर केली. मला वाटलं, आता म्हणतील, चुकलो. छे! ते पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "नीट ऐकू येत नाही. आवाज वाढव."

"फाटेल तो, उपा."

"वाढव म्हणतो ना!"

त्या वेळी मुद्दाम मुका राहावं, असं मनात आलं. भोगू देत एकदा! पण समोर रेमी होती, दोन ताटांमध्ये, हात मांडीवर ठेवून. बटण फिरलं. माझा पडदा टर्रकन फाटला. तशाच फाटक्या घशाने मी म्हणालो, "तुझ्या वाटणीचा मासा मीच खातो, दादा. मला भूक लागलीय."

मग रेमीने पेकाचं ताट हळूच ओढलं आणि त्यातला भात खायला लागली.

सिनेमात आता नुसतं नदीचं पाणी उरलं होतं. ती जेवतेय तोवर शांतता होऊ नये, म्हणून मी खरखरत, फरफरत ती नदी वाहती ठेवली. तिने ताट पुसून खाल्लं, मग मी थांबलो.