चिऱ्याच्या तोंडातली कीड

"निघाली! निघाली!" असा गलका झाला आणि हौसाच्या अंगणातल्या बायका एकदम पुढे सरकल्या. दोघींनी तर मला ढकलूनच वाट काढली. एरवी शाळेच्या बाई म्हणून मला मान देतात. पण चमत्कारापुढे मास्तरणीला कोण विचारतंय!

परातीत पाणी होतं आणि मधोमध चपट्या दगडावर निखारा. धुरीबाबा निखाऱ्यावर चिमूटभर अंगारा टाकायचा, वर भोकाची करवंटी पालथी घालायचा आणि भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोचायचा. देठाचं दुसरं टोक हौसाच्या तोंडात. धूर भरला की ती बिचारी खोकायची आणि लाळ परातीत सोडायची. मग बाबा करवंटी उचलायचा, आणि पाण्यावर पांढऱ्या बारीक अळ्या तरंगत असायच्या.

"बघा, हीच ती कॅन्सरची पिलं!" बाबा गरजला. "डॉक्टर सुरी लावतो. सुरी लागली की कीड बिथरते, अंगभर पळत सुटते. माझी धुरी तिला गोडीगुलाबीनं बाहेर बोलावते. शिमग्यापर्यंत धुरी घ्या. तोवर दवाखान्याची पायरी चढायची नाही. चढलात, तर मी जबाबदार नाही!"

वा रे शहाण्या! बरं वाटलं तर याची धुरी, आणि मेलं माणूस तर दवाखान्याची पायरी.

हाच बाबा वरच्या वाडीत देवीची आज्ञा म्हणून धुरी द्यायचा. खाली बौद्धवाडीत देवीचं नाव चालायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. इथे तो सांगायचा, "बायांनो, यात देवधर्म काही नाही, हे शास्त्र आहे!" गाव बघून सोंग बदलणाऱ्या या माणसाचा मला मनस्वी संताप यायचा.

त्याहून जास्त भीती वाटायची ती हौसाच्या गालाची. तिची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, भातकापणीच्या दिवसांत हौसानं मला गाल आतून दाखवला होता. पांढरा चट्टा, आणि मधे एक जखम, भरायचं नाव न घेणारी. आमच्याकडच्या कितीतरी बायकांसारखी तीही तंबाखू भाजून केलेली मिश्री लावायची. लावणीच्या दिवसांत तर ती गालातच दाबून ठेवायची, म्हणजे भूक लागत नाही.

"हौसा, उद्याच रत्नागिरीला चल," मी म्हटलं होतं.

"दुखत नाय ओ बाईंनू. दुखायला लागला की जाईन."

दुखत नाही हेच तर वाईट! पण हे तिला पटवणार कोण? सरकारी कॅन्सर-तपासणीची गाडी पावसाळा सरता सरता येऊन गेली होती. पंचायतीनं डॉक्टरांना वरच्या वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात बसवलं. बौद्धवाडीला कुणी 'येऊ नका' म्हटलं नाही, आणि 'या' असंही म्हटलं नाही. आमच्या गावात अशा गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. सरकार वरच्या देवळात थांबलं, आणि भोंदू मात्र हौसाच्या दारापर्यंत चालत आला.

आज तर त्यानं साक्षीला वरच्या वाडीतली सोनूबाई आणली होती. दिवाळीच्या आधीपासून धुरी घेत होती ती. अंगणाच्या कडेला स्वतःची चटई अंथरून बसली होती आणि हौसानं पुढे केलेल्या पाण्याला तिनं हात लावला नव्हता. तिच्यामागून वरच्या वाडीच्या आणखी चारपाचजणीही अळ्या बघायला आल्या होत्या.

"सांगा सोनूबाई, कसं वाटतंय?" बाबा म्हणाला.

"माझा दुखणा गेला," सोनूबाई दातांतून बोलली.

दातांतूनच का? मी तिच्यासमोर जाऊन बसले. "सोनूबाई, जरा तोंड उघडा बघू."

तिनं उघडून पाहिलं. दातांच्या फटीत माझं एक बोटसुद्धा गेलं नसतं. बाई बरी होत नव्हती, तिचं तोंड मिटत चाललं होतं!

तेवढ्यात बाबानं पुन्हा चिमूट टाकली. तड, तड, तड. करवंटीखालून आवाज आला, आणि मी कान टवकारले. अंगारा म्हणजे राख. राख कधी तडतडते? फोडणीत मोहरी टाकण्यात हयात गेलेल्या एवढ्या बायका बसलेल्या, आणि एकीच्याही डोक्यात येऊ नये!

ओटा बांधायला हौसानं जांभ्या दगडाचे चिरे आणून टाकले होते. त्यातला एक मी परातीजवळ ओढला.

"बाबा, आता या चिऱ्याला धुरी द्या."

"चिऱ्याला?" बाबा हसला. "बाई, दगडात जीव नसतो. कीड जित्या माणसातून निघते."

"मग नाही निघणार. झालं! घाबरता कशाला?"

बायका खुदखुदल्या. बाबा लगबगीनं अंगाऱ्याची पिशवी आवरू लागला. तेव्हा हौसा उठली आणि तिनं त्या पिशवीवरच हात ठेवला.

"माझ्या अंगणात बसलाव ना? मग बाई सांगतायत ता करा."

परातीत ताजं पाणी घातलं. चिमूट मीच टाकली. जांभ्याला भोकं काय कमी! देठाचं टोक एका भोकात खोचलं आणि आम्ही सगळ्या वाट बघत बसलो. तड, तड, तड. करवंटी उचलली.

अळ्या! हौसाच्या तोंडातून निघाल्या त्याहून जास्तच!

मी पिशवी परातीशेजारी उपडी केली. राखेत कालवलेल्या बिया बाहेर पडल्या. शेताच्या बांधावर काटेरी रिंगणी उगवते ना, तिच्या. "बघा गो," मी म्हटलं, "बी तापलं की फुटतं. आतला पांढरा अंकुर उडतो, करवंटीवर आपटतो आणि पाण्यात पडतो. याच त्या अळ्या. देठ माणसाच्या तोंडात असो की चिऱ्याच्या, या निघायच्याच!"

वाटलं होतं, बायका हसतील, बाबाला शिव्या घालतील. कुणी हसलं नाही. बाबा परात तिथेच टाकून पाणंदीनं पळाला, त्याच्याकडेही कुणी बघितलं नाही. सगळ्या हौसाकडे बघत होत्या. तिचा हात गालावर गेला होता.

"म्हणजे बाईंनू," ती हळूच म्हणाली, "माझी कीड आत हाय तशीच हाय?"

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "उद्या पहिल्या एस्टीनं निघायचं."

सोनूबाईलाही म्हटलं, चला. तिनं चटई गुंडाळली. "माझा दुखत नाय," एवढंच पुटपुटली आणि वरच्या वाडीची वाट धरली. मी दोनदा तिच्या घरी जाऊन आले. दोन्ही वेळा तिनं दार लावून घेतलं.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हौसाच्या गालाचा तुकडा तपासायला घेतला. मुंबईत ऑपरेशन झालं. थोडा गाल गेला, तोंड वाकडं झालं, पण जीव राहिला. डॉक्टर म्हणाले, शिमग्यापर्यंत थांबली असती तर हातात काही उरलं नसतं. शिमग्याची पालखी वरच्या वाडीत फिरली तेव्हा सोनूबाईच्या दारात सुतक होतं.

पुढच्या वर्षी तपासणीची गाडी यायची म्हटल्यावर मी पंचायतीत जाऊन बसले. "डॉक्टर हौसाच्या अंगणात बसतील," मी म्हटलं.

"वरच्या वाडीच्या बायका खाली येतील का?" एकानं विचारलं.

"अळ्या बघायला आल्या होत्या की नाही? तशाच येतील!"

आल्या. सगळ्या नाही, पण आल्या. वाचकहो, यात मोठं काही नाही हो. मिश्रीचा डबा फेकून द्या. पंधरा दिवसांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर सरळ डॉक्टर गाठा. आणि ज्यांच्या हाती तपासणीची गाडी आहे त्यांना सांगा, ती शेवटच्या घरापर्यंत न्या. नाहीतर तिथे दुसरा कुणीतरी आधी पोचतो.

त्या तपासणीच्या दिवशी हौसा दारात आरसा घेऊन बसली होती. एक तरणी सून पदर तोंडावर धरून मागे सरत म्हणाली, "माझा काय दुखत नाय गो."

हौसानं आपलं वाकडं तोंड तिच्याकडे वळवलं आणि आरसा पुढे केला.

"दुखत नाय, तवाच उघड."