एका कुशीवर अकरा दिवस

“नऊ मिनिटं झाली, आणि तो अजून मेला नाही,” भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सासूबाई म्हणाल्या.

त्यांना ती परकी भाषा अजिबात येत नव्हती. पण महिनाभर सुनेचा सराव ऐकून ‘मेला’साठीचा तेवढा एक शब्द त्यांच्या पक्क्या ओळखीचा झाला होता. तो कितव्या मिनिटाला येतो यावर त्या बारीक लक्ष ठेवून असत.

“दहा मिनिटांत तीनशे पानं कशी बसवू, आई?”

“मला विचारशील तर माणूस अंथरुणावर पडतो आणि मरतो. त्याला तीनशे पानं लागतातच कशाला?”

सुनेला, म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरला, हसू आलं. परीक्षेला लावलेल्या कादंबरीत खरोखरच तेवढंच होतं. आजारी भाऊ अकरा दिवस खाटेवर आणि शेजारी खुर्चीत त्याची बहीण. दोघं जवळजवळ बोलतच नाहीत. क्लासच्या शिक्षकांनी बजावलं होतं, “गोष्ट सांगत बसू नका. बहिणीच्या मौनाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते सांगा.” तिथेच घोडं अडत होतं. वीस वर्षं ती वॉर्डात पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती देत आली होती. ताप किती, पाणी किती प्यायला, औषध कधी दिलं. त्यात आपल्याला काय वाटतं हे सांगायचं नसतं.

भाषेचे बाकीचे पेपर सुटले होते. पुस्तकावर बोलण्याच्या परीक्षेत मात्र ती दोनदा नापास झाली होती आणि तिसरी संधी शेवटची होती. पास झाली तर परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी, आणि तीन वर्षं तिकडे एकट्या राहणाऱ्या नवऱ्याजवळ घर. नाहीतर फोन होताच.

परीक्षेच्या खोलीत दोघं परीक्षक होते. एक सर आणि एक वयस्क बाई. सिस्टरने पाठ केलेली सुरुवात आठवून पाहिली, तर डोकं कोरं. मग तोंडाला जे वळण होतं तेच तोंडातून आलं.

“पुरुष, वय अडुसष्ट. खाट खिडकीशी. पहिल्या दिवशी जेवण अर्धं. तिसऱ्या दिवसापासून फक्त पाणी.”

सरांनी पेन खाली ठेवलं. “बहिणीच्या मौनाचा अर्थ काय?”

“तिला काय करायचं ते माहीत नव्हतं. अकरा दिवस तो एकाच कुशीवर आहे. कोणी त्याला वळवलं नाही. अशाने त्या अंगाची कातडी सोलून निघते. तो त्या जखमांनी गेला.”

“हे पुस्तकात कुठे आहे?”

“नाहीच. म्हणून तर सांगते.”

घंटा झाली. सरांनी कागदावर आकडा लिहिला, सही केली आणि ते पुढच्या उमेदवाराची चौकशी करायला बाहेर गेले. खाटेच्या पायथ्याचे तक्ते उलटे वाचायची सवय असलेल्या सिस्टरने तो आकडा वाचला. पास व्हायला चार गुण कमी होते. नवऱ्याला काय सांगायचं, एवढंच डोक्यात आलं. तिने खुर्चीवरचा कोट उचलला.

“जरा थांबता?” बाईंनी हळूच विचारलं. “माझी आई सात महिने अंथरुणावर आहे. तिला किती वेळाने वळवायचं?”

सिस्टरने एकदा दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा. ओढायचं नाही, कातडी फाटते. पाठीवर लाल डाग आहेत का?”

“आहेत.”

“दाबल्यावर पांढरे होतात?”

“बघितलं नाही कधी.”

“आज घरी गेल्यावर बघा. होत नसतील तर आत जखम सुरू झाली आहे.”

त्या परक्या भाषेत एकाही शब्दाला ती अडखळली नाही. पण घंटेनंतरच्या बोलण्याला गुण नव्हते, आणि हे दोघींनाही माहीत होतं.

तिने कोटाची वळकटी करून टेबलावर उताणी ठेवली. “ही आई. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. आधी गुडघा वाकवायचा, मग आपल्याकडे वळवायचं. आता तुम्ही करा.”

बाई उठल्या. त्यांनी थेट खांद्यालाच हात घातला.

“आधी गुडघा,” सिस्टर म्हणाली. तिने कोट पुन्हा उताणा केला आणि बाईंना पहिल्यापासून करायला लावलं.