जर्विनची वाढ

इलोइलो प्रांताच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात पोरांना बास्केटबॉल मी शिकवतो, कारण दुसरं कोणी रिकामं नसतं. धंदा न्हाव्याचा, उंची बेताची, आणि तरुणपणी मी कसा खेळायचो हे सांगायला सुदैवाने कोणी साक्षीदार उरलेला नाही. तरी पोरं मला ‘कोच’ म्हणतात आणि मी लगेच छाती फुगवतो.

उन्हाळ्यातल्या स्पर्धेत पोरांना वयाची नाही, उंचीची अट असते. चर्चसमोरच्या कोर्टावर दोन खांबांना आडवा बांबू बांधतात. त्याखालून ताठ चालत जायचं. डोकं लागलं की बाद. दरवर्षी नदीपलीकडच्या गावाचा कोच, नोंग पिद्योंग (नोंग म्हणजे आमच्याकडे दादा, नांग म्हणजे ताई), जिंकतो आणि बक्षिसाचं डुक्कर माझ्या दुकानावरून मुद्दाम सावकाश नेतो. यंदा मात्र माझ्याकडे जर्विन होता. कोर्टाच्या कडेला तळलेली केळी विकणाऱ्या नांग मिरासोलचा मुलगा. कुठूनही टाकू दे, त्याचा चेंडू जाळीतच पडायचा. अडचण एकच होती. कार्टं वाढत होतं.

मग मी शिकवणं सोडून त्याची वाढ रोखायच्या मागे लागलो. नवं वर्ष लागताना आमच्याकडची झाडून सगळी पोरं उंच व्हायला उड्या मारतात. जर्विनला मी बाकावर दाबून बसवलं. बिचारा नुसते पाय हलवत राहिला. पुढे त्याचं डोकं तासून गुळगुळीत केलं, तेही फुकट. श्वास सोडून मान खांद्यात कशी ओढायची, गुडघे कळणार नाहीत इतपत कसे मोडायचे, याचा रोज सराव. चेंडू टाकायचा सराव राहूनच गेला. माझी बायको लुदिंग म्हणाली, “पोराला खेळाडू करतोयस का कासव?” मी दुर्लक्ष केलं. त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मोजणीच्या दिवशी जर्विन बांबूखालून सुळकन निघून गेला. मी स्वतःवर इतका खूश झालो की पंचाला केळी खाऊ घातली. मग सामना सुरू झाला आणि माझी शिकवण सगळ्या गावाने पाहिली. जर्विन तसाच खेळत होता. मान आत, गुडघे मोडलेले. चेंडू कडीपर्यंत पोचेना. सामना चालू असताना कोणी हरकत घेतली तर पुन्हा मोजतात, हे मीच त्याच्या डोक्यात भरलं होतं. पोरगं धास्तीने सरळच होईना, आणि तिकडे नोंग पिद्योंगची पोरं गुणांवर गुण घेत होती.

मी खेळ थांबवायला लावून त्याला जवळ घेतलं. त्याचे डोळे भरले होते.

“कोच, सरळ झालो तर काढतील मला,” तो म्हणाला. “आणि वाकून चेंडू जातच नाही.”

ही सगळी अक्कल माझी होती, आणि रडत होता तो. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

“सरळ उभा राहा,” मी म्हटलं. “काढलं तर काढू देत.”

तो उभा राहिला तेव्हा मलाच धक्का बसला. कार्टं माझ्या नाकाला लागलं होतं. मैदानात जाऊन त्याने चेंडू टाकला, तो जाळीत गेला. पुन्हा टाकला, तोही गेला. नोंग पिद्योंगने हात वर केला.

बांबू पुन्हा बांधला गेला. जर्विन मान आत न घेता चालत गेला आणि टाळक्यावर टक्कन आवाज झाला. मी डोळे मिटून घेतले. पोर आता हंबरडा फोडणार आणि त्याच्या आईला मी काय तोंड दाखवणार, एवढंच मनात होतं.

जर्विन टाळकं चोळत माझ्या शेजारून धावत गेला, थेट केळ्यांच्या कढईपाशी.

“आई, लागला! मला बांबू लागला!”

नांग मिरासोलने झारा टाकून त्याचं टक्कल कुरवाळलं, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागली, उंचीमुळे काढलं माझ्या पोराला, उंचीमुळे. गिऱ्हाइकंही त्याची पाठ थोपटत होती. आम्ही सामना हरलो हे तिकडे कोणाच्या लक्षातही आलं नाही. एक मूल उंच झालं म्हणून आख्ख्या गावात वाईट वाटलेला माणूस मी एकटाच होतो, आणि मुलांना मोठं करायचं काम गावाने माझ्याकडे दिलं होतं.