माशांसमोर साखळी प्रार्थना

संगमनेरहून शिर्डीला निघताना मी गाडीची किल्ली फिरवणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या पप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणजे आधी साखळी प्रार्थना. आमच्या घरात बाहेर पडताना ती व्हायचीच, मग जायचं पुण्याला असो की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. प्रत्येकानं एकच वाक्य म्हणायचं, आज कशाबद्दल उपकार ते सांगायचं आणि पुढच्याचा हात दाबायचा. हात दाबला की त्याचा नंबर.

"बापा, दिवाळीच्या सुट्टीला लेकरं घरी आली, तुझे उपकार," पप्पा म्हणाले आणि मागे वळून त्यांनी आईचा हात दाबला.

"बापा, आज गुडघा कमी दुखतोय," आई म्हणाली. "असाच राहू दे."

"हे मागणं झालं, मरिया. उपकार मान."

"तेच म्हणतेय न्हवं. उपकार."

माझ्या मुलीनं, सात वर्षांच्या एंजलनं, शाळा बंद असल्याबद्दल उपकार मानले. तिचा चार वर्षांचा भाऊ जस्टिन "मासे" एवढंच म्हणाला, कारण शिर्डीतल्या एका मैदानावर काचेचा बोगदा आला होता आणि त्यात डोक्यावरून मासे जातात असं त्याला ताईनं सांगितलं होतं. मग त्यानं मागून माझा दंड दाबला. माझा नंबर.

पप्पा थांबले. ते नेहमीच थांबायचे. फार वेळ नाही, फोनवर 'हॅलो' म्हटल्यावर माणूस थांबतो तेवढंच. मग ते "आमेन" म्हणाले.

"मी मनातल्या मनात म्हटलं," मी नेहमीसारखं सांगितलं.

"मनातलं त्याला ऐकू जातं गं," पप्पाही नेहमीसारखं म्हणाले. "मला कुठं जातं?"

हे कॉलेजला गेल्यापासून असंच होतं. त्यात रुसवा नव्हता, विश्वास उडाला होता असंही नाही. इतकं वाचलं होतं की स्वतःचं कुठलंही वाक्य मोठ्यानं म्हणायच्या आधीच मी ते खोडायला लागायचे. दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर असलेल्या पप्पांनीच तालुक्याच्या वाचनालयात माझं नाव घातलं होतं. त्यामुळे तक्रार करायला त्यांना जागा नव्हती. ते फक्त थांबायचे.

शिर्डीत गाडी लावली तोच एक फुलवाला टोपली घेऊन आला. "या काका, हार घ्या, दर्शनाचा रस्ता दाखवतो."

"आमी माशांच्या दर्शनाला आलोय," पप्पा म्हणाले.

"मग माशांना घ्या की! त्यांनी काय पाप केलंय?"

पप्पांना हे इतकं आवडलं की त्यांनी दोन गुलाब घेतले. एंजलनं आपला केसात खोवला. जस्टिननं आपला माशांसाठी मुठीत घट्ट धरून ठेवला.

बोगदा पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये होता. दारावर प्लायवुडचा शार्क होता आणि आत जायचं ते त्याच्या जबड्यातून. जस्टिन तिथंच बसला. संडे स्कूलच्या बाईंनी सांगितलं होतं, बायबलमधल्या एका माणसाला माशानं गिळलं होतं.

"मग तीन दिवसांनी बाहेर काढलं का न्हाई?" पप्पा म्हणाले. "आपल्याला तर जेवायला घरी जायचंय." ते जबड्यातून आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. तिकीट फाडणारा बघतच राहिला. "बघ, गिळलं का मला? जस्टिन, दाताला हात लाव. खिळे मारल्यात रे याला."

जस्टिननं हात लावला. मग मान खाली घालून, पप्पांचं बोट धरून तो आत पळाला.

आत निळा उजेड होता आणि गारवा. डोक्यावरून मासे निवांत जात होते, रविवारी चर्च सुटल्यावर माणसं रेंगाळतात तसे. आईनं भिंतीलगतचं बाकडं गाठलं, मान वर केली आणि म्हणाली, "अगं बाई, यांची पोटं बघा किती स्वच्छ!" एंजलनं एका टाकीवरची पाटी वाचली आणि किंचाळलीच. एंजल फिश! चंदेरी, लांब परांच्या त्या माशांपुढून ती हलेना. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, "हे माझे आहेत."

"माझा कुठंय?" जस्टिनचा ओठ थरथरायला लागला.

पप्पांनी चष्मा पुसला आणि गंभीरपणे शोधाशोध सुरू केली. शेवटी कोपऱ्यातल्या टाकीत एक काळा, जाडजूड, वाकड्या ओठाचा मासा सापडला. त्याच्यावर पाटी नव्हती.

"हा जस्टिन. बघ की, रुसलाय तुझ्यासारखा."

जस्टिन खूश झाला. त्यानं गुलाब काचेला लावून दाखवला. मासा जवळ आला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"काय म्हणतोय?"

"साखळी प्रार्थना करतोय."

"मग आवाज का नाही येत?"

"मम्मीसारखं," एंजल आपल्या माशांपासून ओरडली. "मनातल्या मनात!"

पप्पा हसायला लागले. भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आई बाकड्यावर हसत होती, मुलं आजोबा हसतात म्हणून हसत होती आणि मला स्वतःलाही हसू आवरेना. मग पप्पांनी काचेला कान लावला आणि थांबले, माझ्या नंबराला थांबायचे तेवढंच.

"म्हणतो, पाणी गार हाय, उपकार." त्यांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. "मासा बोलला, नॅन्सी."

"पुढच्या वेळी," मी म्हणाले.

"लिहून घे रे, जस्टिन."

"मला लिहिता नाही येत!"

"मग ध्यानात ठेव."

परतताना मुलं झोपली. आईचा गुडघा पुन्हा दुखायला लागला आणि पप्पांनी पार संगमनेरपर्यंत तिला माशांची पोटं किती स्वच्छ होती त्यावरून चिडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालेले ते चपला घालायला पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

त्यानंतर आम्ही पुष्कळ प्रवास केले, पुण्याचे, संगमनेरचे, तहसीलचे. साखळी कोणी सुरू केली नाही. सुरुवात त्यांची असायची.

मे महिन्यात मुलांना घेऊन आईकडं आले, तेव्हा बसस्टँडजवळच्या भिंतीवर एंजलला पोस्टर दिसलं. तोच शार्क, खाली संगमनेरच्या मैदानाचं नाव. मासे आमच्याच गावात आले होते! मुलांनी घरी पोचेपर्यंत गाडीत नाच केला. मला वाटलं, आई नको म्हणेल. चर्च आणि बँक सोडली तर ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

"चला," आई म्हणाली. "गुडघा काय, बसून बी दुखतोच."

शार्कचा एक दात पडला होता. जस्टिननं आजीला दारात उभं केलं. तो जबड्यातून आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. "बघ आजी, गिळलं का मला? खिळे मारल्यात रे याला!"

"व्हय बाबा, कळलं," आई म्हणाली. पदर तोंडाला लावून ती हसत होती.

एंजल आपल्या चंदेरी माशांकडं धावली. कोणी जास्तीचे आणलेत का ते तिनं आधी तपासलं. जस्टिन एकेका टाकीत डोकावत पुढं गेला आणि एकदम ओरडला, "तोच!"

कोपऱ्यात काळा मासा होता. ओठ वाकडा.

"तोच कशावरून?" मी विचारलं.

"त्यानं मला ओळखलं."

माशानं तोंड उघडलं, मिटलं. जस्टिननं काचेला कान लावला आणि जाहीर केलं, "हा अजून मनातल्या मनातच." मग तो ताठ उभा राहिला आणि त्यानं आजीचा हात धरला. "चला, साखळी." एंजल धावत आली. तिनं आजीचा दुसरा हात धरला, दुसऱ्या हातानं माझा.

"बापा, सुट्टीला लेकरं घरी आली, तुझे उपकार," जस्टिन आजोबांच्या आवाजात म्हणाला.

"लेकरं म्हणजे कोण रे?" आईला हसू फुटलं. "बापा, माझा गुडघा..." तिनं सुरुवात केली आणि सोडून दिली. "बापा, माणूस लई चांगला दिला हुतास. उपकार."

"बापा, माझे सगळे मासे जिवंत आहेत, उपकार," एंजल म्हणाली आणि तिनं माझा हात दाबला.

बाहेर जनरेटर घरघरत होता. मागं मोबाईल उंच धरून एक कुटुंब खोळंबलं होतं. जस्टिन माझ्याकडं बघत होता. आमेन म्हणत नव्हता, घाईही करत नव्हता. हे थांबणं तो कधी शिकला, मला कळलं नाही.

"ताई, जरा पुढं सरका ना," मागचा माणूस म्हणाला.

"दादा, थोडं थांबा," आई म्हणाली. "तिचा नंबर हाय."

तो थांबला. त्याची बायको, त्यांची पोरंसुद्धा थांबली. मी काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," जस्टिन म्हणाला.

"बापा," मी जनरेटरच्या वर आवाज चढवून म्हणाले, "माझा नंबर आला की पप्पा थांबायचे. एकदाही मला गाळून पुढं गेले नाहीत. मला ते फार आवडायचं. तुझे उपकार."